राहायला आल्याची तारीख

फोन आला तेव्हा रोझली कँटरेल एका गिऱ्हाइकाच्या औषधांच्या बाटल्या टेबलावर ओळीनं मांडत होती. ऑर्व्हिल किंबल, वय अठ्ठ्याहत्तर. दर वर्षी सप्टेंबर संपत आला की हा माणूस पावाच्या रिकाम्या पिशवीत आपली सगळी औषधं भरून तिच्या ऑफिसात यायचा. मग ती एकेका बाटलीवरचं नाव उतरवून घ्यायची आणि पुढच्या वर्षी कुठली पॉलिसी यातलं काय देईल ते सांगायची.

"प्रोकॉपबाईंची मुलगी ना? मी काउंटीच्या ज्येष्ठ मदत योजनेतून बोलतेय," पलीकडून एक आवाज आला. "गुरुवारी घरी येतेय तपासणीला. काही विशेष नाही, दर तीन महिन्यांनी असतं ते. तुमच्या अर्जात लिहिलंय, तीन जुलैपासून तुम्ही आईबरोबर त्याच घरात राहता. त्यात काही बदल?"

"नाही," रोझली म्हणाली. "तसंच आहे."

फोन ठेवला आणि तिचा हात एका बाटलीवर तसाच थांबला.

"का गं, साखरेची गोळी बंद करणार का माझी?" ऑर्व्हिलनं विचारलं.

"नाही ऑर्व्हिल. जरा थांब."

भिंतीवर बँकेचं कॅलेंडर होतं. ती उठली आणि तीन जुलैपासून बोटानं एकेक चौकोन मोजत गेली. जुलै, ऑगस्ट, सप्टेंबर. बोट एक ऑक्टोबरवर आलं तेव्हा नव्वद झाले. आज एकोणतीस सप्टेंबर, सोमवार.

तिचं ऑफिस ओहायोतल्या टिल्टनमध्ये, आईचं घर नदीपलीकडे वेस्ट व्हर्जिनियातल्या कोल्टरमध्ये. मध्ये एक पूल. गाडीनं नऊ मिनिटं. इकडची माणसं तिकडे गिरणीत जायची, तिकडची इकडे दात काढायला यायची. दोन राज्यं आहेत हे लोकांना पेट्रोलच्या भावावरून आठवायचं, एरवी नाही. पण विमा विकणाऱ्याला ते विसरून चालत नाही. तुम्ही राहता त्या राज्याचा परवाना हा तुमचा मूळ परवाना. त्याच्या भरवशावर बाकीची राज्यं तुम्हाला परीक्षा न घेता बाहेरच्याचा परवाना देतात. रोझलीकडे ओहायोचा मूळ होता, आणि वेस्ट व्हर्जिनिया आणि पेनसिल्व्हेनियाचे बाहेरचे. घर बदललं, तर नव्या राज्याचा मूळ परवाना नव्वद दिवसांत घ्यायचा. नव्वद उलटले की पुन्हा अभ्यासाचे तास, पुन्हा परीक्षा. आणि जुनं मूळ तर गेलेलंच, म्हणजे त्याच्या जोरावर उभं असलेलं सगळंच आडवं.

पंधरा ऑक्टोबरला हंगाम सुरू होणार होता. पासष्टीच्या पुढची माणसं वर्षातून एकदाच, त्या साडेसात आठवड्यांत, आपल्या आरोग्यविम्याची पॉलिसी बदलू शकतात. रोझलीची अशी चारशे अकरा माणसं होती. सव्वीस वर्षांत एकेका स्वयंपाकघरात बसून जमवलेली.

नियम तिला माहीत नव्हता असं नाही. ऑफिसात नवीन पोरं आली की तीच शिकवायची. "रात्री दात कुठे घासता ते सांगा," म्हणायची, "तेच तुमचं राज्य." फक्त स्वतःच्या बाबतीत तिनं सोळा ऑगस्ट धरला होता. त्या दिवशी तिनं टिल्टनमधला भाड्याचा फ्लॅट सोडला होता. सोळा ऑगस्टपासून मोजलं की नोव्हेंबर येत होता. सावकाश करू, असं तिनं मनाशी म्हटलं होतं.

ऑर्व्हिलला वाटेला लावून ती आतल्या खोलीत गेली. व्हर्ना टटल ही ऑफिसची मालकीण. दोघी तेवीस वर्षं एकत्र. व्हर्ना टेबलावर डबा उघडून सँडविच खात होती. रोझलीनं सांगितलं.

"बाई गं," व्हर्ना म्हणाली. घास तोंडात तसाच. "आणि तो जुलैचा कागद कुणी भरला?"

"मी. आई हॉस्पिटलात होती. माकडहाड मोडलंय की खुबा, तेच कळत नव्हतं आधी. ते म्हणाले, घरात रात्रंदिवस कुणी राहणारं असेल तरच दिवसाची बाई देऊ. नाहीतर टेकडीवरच्या वृद्धाश्रमात जागा आहे. मी लिहून दिलं."

"आणि राहिलीस?"

"त्याच दिवसापासून."

"मग तुला फ्लॅट कशाला लागत होता दीड महिना?"

"कपडे होते माझे तिथे," रोझली म्हणाली. तिला स्वतःलाच ते पोरकट वाटलं.

व्हर्नानं सँडविच खाली ठेवलं आणि थेट वेस्ट व्हर्जिनियाच्या विमा खात्यात फोन लावला. तिथल्या बाईनं व्यवस्थित सांगितलं: अर्ज ऑनलाइन भरा, पण नवा पत्ता असलेलं ड्रायव्हिंग लायसन्स जोडा, त्याशिवाय अर्ज पुरा धरत नाही. लायसन्सच्या ऑफिसला फोन केला तर ते म्हणाले, नव्या पत्त्यावर तुमच्या नावाची दोन बिलं आणा. रोझलीच्या नावाचं त्या घरात एकही बिल नव्हतं. गॅस आईच्या नावावर, पाणी आईच्या नावावर, टेलिफोन तर अजून मेलेल्या वडिलांच्या नावावर.

"मग घरमालकाला घेऊन या," तो माणूस म्हणाला. "समोर सही करायची, की ही व्यक्ती माझ्या घरात राहते. बुधवारी पाचला बंद होतो आम्ही."

"चला, सुटलं," व्हर्ना म्हणाली. "आना मावशीला गाडीत घाल आणि ने."

व्हर्नाला आई ख्रिसमसपुरती माहीत होती.

आना प्रोकॉप, वय चौऱ्याऐंशी. एकतीस वर्षं मातीच्या भांड्यांच्या कारखान्यात बशांच्या कडेला सोनेरी रेघ ओढायचं काम. बशी चाकावर फिरायची आणि हिचा हात हवेत स्थिर. नवरा गेल्यावर एकवीस वर्षं एकटी राहिली आणि त्याचा तिला गर्व होता. खुबा मोडला तरी तो गर्व काही मोडला नाही. रोझली घरी राहायला आली हे तिनं मान्यच केलं नव्हतं. मुलगी चार दिवस आलीय, पाय बरा झाला की जाईल. शेजारणींना तेच, चर्चमधल्या बायकांना फोनवर तेच. आणि रोझलीनं तिला ते म्हणू दिलं होतं. तीन महिने ती कपडे बॅगेतून काढत होती आणि धुऊन पुन्हा बॅगेत ठेवत होती. बॅग दाराशी, उघड्या तोंडाची.

सोमवारी संध्याकाळी दोघी जेवायला बसल्या. आदल्या दिवशीच्या हालुपकी होत्या, कोबीच्या पानात गुंडाळलेला खिमा-भात.

"उद्या जाणार का घरी?" आईनं रोजच्यासारखं विचारलं.

एरवी रोझली "बघू" म्हणायची. आज म्हणाली, "आई, मला तुझी एक सही हवीय. बुधवारच्या आत. लायसन्सच्या ऑफिसात यावं लागेल."

"कसली?"

"मी इथं राहते म्हणून."

आईनं काटा खाली ठेवला. "तू इथं राहत नाहीस."

"आई, कामाचा कागद आहे. माझा परवाना जाईल."

"जाईल तर जाईल. मी कशाला खोटं लिहून देऊ? उद्या ते लोक म्हणतील, म्हातारी एकटी राहू शकत नाही, मुलगी ठेवावी लागते. मला कळत नाही का? कागदावरूनच नेतात सगळ्यांना. हेलन यांकोला असंच नेलं."

"हेलन यांको स्टोव्ह चालू ठेवून बिंगो खेळायला गेली होती."

"तिचा स्टोव्ह होता," आई म्हणाली आणि तिनं ताट उचलून वॉकरच्या ट्रेवर ठेवलं. सिंकपर्यंत गेली. मदत चालणार नव्हती.

मंगळवारी व्हर्नानं दार लावून घेतलं.

"हे बघ, मी हुशारी शिकवत नाहीये. पण सोळा ऑगस्टला फ्लॅट सोडलास त्याची पावती आहे ना? अर्जात सोळा ऑगस्ट लिही. मध्य नोव्हेंबरपर्यंत वेळ आहे. काउंटीचा कागद काउंटीत, विम्याचा विम्यात. कोण जुळवायला बसलंय?"

"वेंडेलचं कुणी जुळवलं?"

वेंडेल क्राउस त्यांच्याच ऑफिसात होता. नऊ वर्षांपूर्वी पेनसिल्व्हेनियात मैत्रिणीकडे राहायला गेला आणि पत्ता मात्र टिल्टनमधल्या भावाच्या गॅरेजचा देत राहिला. एका कंपनीचं पाकीट परत आलं, एवढंच निमित्त. पहिल्या राज्यानं परवाना काढून घेतला, ते दुसऱ्यानं वाचलं, ते तिसऱ्यानं. महिनाभरात सगळं साफ. आता हमरस्त्यावरच्या दुकानात गाद्या विकत होता. त्याची एकशे सत्तर माणसं रोझलीकडेच आली होती.

तरी दुपारी तिनं अर्ज उघडला. नाव, जन्मतारीख, पत्ता. 'या पत्त्यावर राहायला आल्याची तारीख' असा चौकोन आला तिथं तिनं सोळा ऑगस्ट टाकला. खाली ओळ होती: वरील सर्व माहिती खरी आहे असे मी शपथेवर सांगते. एरवी ती त्यावरून सहज पुढे गेली असती. हजार वेळा वाचलं होतं, गिऱ्हाइकांना वाचून दाखवलं होतं. म्हाताऱ्यांचं बोट ओळीवर ठेवून म्हणायची, इथं खरं असेल तरच सही कर हं, सिगारेट लपवू नकोस. किती जणांनी तिच्यासमोर "बरं बाई, ओढतो" म्हणून कबूल केलं होतं.

दुसरा रस्ता काउंटीला फोन करायचा होता: चूक झाली, मी जुलैपासून नाही, ऑगस्टपासून राहते. म्हणजे कागदावर दीड महिना आई एकटी होती आणि त्यांची बाई खोट्यावर येत होती. गुरुवारी तपासणी. टेकडीवर जागा अजून असेलच.

तिनं सोळा ऑगस्ट खोडला. चौकोन रिकामा ठेवून संगणक बंद केला.

त्या संध्याकाळी आई टीव्हीचा आवाज मोठा करून बसली.

बुधवारी सकाळी दिवसाची बाई आली, आईला आंघोळ घालून अकराला गेली. रोझली ऑफिसला गेलीच नव्हती. तिनं कॉफी केली, आईसमोर बसली आणि टीव्ही बंद केला.

"बघत होते मी."

"जाहिरात होती. आई, ऐक. जुलैत तू हॉस्पिटलात असताना मी एक कागद भरला. त्यात लिहिलं की मी या घरात राहते. तसं लिहिलं नसतं तर ही सकाळची बाई मिळाली नसती आणि तुला घरी सोडलंच नसतं. टेकडीवर नेलं असतं. तुला विचारलं नाही, कारण तू नाही म्हणाली असतीस."

आईनं कप हातात घेतला. हात अजूनही स्थिर होता. कॉफी हललीसुद्धा नाही.

"म्हणजे सगळ्यांना माहीत होतं," ती म्हणाली. "काउंटीला, त्या बाईला. मलाच नाही. मी रोज तुला विचारते, जाणार का घरी, आणि तू बघू म्हणतेस. मी वेडी."

"तुला बरं वाटावं म्हणून."

"लहान पोराला खेळवतात तसं." आईचा आवाज चढला नाही, तेच वाईट होतं. "आणि घर कुठं होतं गं तुझं? फ्लॅट तर सोडलास ना? पोस्टमननं सांगितलं मला ऑगस्टमध्येच. मी वाट बघत होते, ही कधी तोंड उघडते."

घड्याळात पावणेबारा झाले होते.

"पाचला बंद होतं ते ऑफिस," रोझली म्हणाली.

"होऊ दे. पाहुणीसाठी मी सही करणार नाही. तू पाहुणी आहेस का राहतेस?"

"राहते."

"मग ती बॅग दाराशी काय करतेय?"

रोझलीनं बॅग उचलली आणि जिना चढायला लागली. मागून आईचा आवाज, "तुझ्या खोलीत नाही! तिथं ख्रिसमसचे खोके आहेत. खाली, मागच्या खोलीत, बाबांच्या कपाटात. आणि मी येते, तू उगाच कोंबशील."

जिन्याची गरज नव्हती, पण मागची खोलीही स्वयंपाकघरापासून वॉकरनं सात मिनिटांची होती. बाबांचे शर्ट एकवीस वर्षं त्याच कपाटात होते. आईनं खुर्ची मागवली, बसली आणि एकेक शर्ट मांडीवर घेऊन घडी घालायला लागली. रोझलीनं भराभर काढायला सुरुवात केली तर म्हणाली, "ठेव खाली. असे नाही जायचे ते."

साडेबारा. एक. निळा चौकड्यांचा, गिरणीतला राखाडी, लग्नातला पांढरा. आईनं तो नाकाशी नेला नाही की काही बोलली नाही. फक्त कॉलर उलटी करून बघितली, झिजलीय का. रोझली पलंगाच्या कडेला बसून घड्याळाकडे न बघण्याचा प्रयत्न करत होती. घाई केली तर आई उठून टीव्ही लावील, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

दीड वाजता कप्पे रिकामे झाले. मग तिचे कपडे आत गेले, तेही आईच्या हातानं. "ही बनियनं कसली गं, चाळणीसारखी? पैसे मिळवतेस की नाही?"

तीनला गाडीत बसवायला वीस मिनिटं लागली. लायसन्सचं ऑफिस काउंटीच्या मुख्य गावी, पस्तीस मिनिटांवर, आणि रस्त्याचं काम चालू. लाल झेंडा हातात धरलेल्या मुलीनं अकरा मिनिटं उभं केलं. रोझलीची बोटं स्टिअरिंगवर वाजत होती.

"तुझे बाबा असेच वाजवायचे," आई म्हणाली. "त्यानं झेंडा लवकर हलत नाही."

चार वाजून आठ मिनिटांनी त्यांना नंबर मिळाला, त्र्याण्णव. पाटीवर शहाऐंशी होता. एक शेतकरी ट्रेलरच्या कागदांवरून भांडत होता. चार पस्तीसला त्र्याण्णव लागला.

खिडकीतला माणूस तरुण नव्हता, म्हातारा नव्हता, दमलेला होता. त्यानं आईसमोर कागद सरकवला. "बाई, ही तुमच्या घरात राहते?"

आईनं चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. कागद पहिल्या शब्दापासून वाचायला लागली. एखादा शब्द नापसंत पडला असता तर आई इथंच उलटली असती. चर्चच्या कमिटीतून ती एका शब्दावरून उठून गेली होती.

"घराची मालकीण मी," आई म्हणाली.

"हो बाई, म्हणून तर तुमची सही."

"ही माझ्याकडे राहते. मी हिच्याकडे राहत नाही. कागदात बरोबर लिहिलंय ना ते?"

"तसंच लिहिलंय."

"भाडं देत नाही हो," आई म्हणाली.

बाजूच्या खिडकीशी अजून भांडत असलेला शेतकरी हसला. खिडकीतल्या माणसानं घड्याळाकडे बघितलं. "कधीपासून राहते?"

रोझलीनं आईला तारीख सांगितली नव्हती. सांगून पढवलं असं आईला वाटलं असतं, म्हणून मुद्दामच नाही.

"मी हॉस्पिटलातून आले त्या दिवसापासून," आई म्हणाली. "तीन जुलै. दुसऱ्या दिवशी फटाके उडत होते आणि ही माझ्या उशाशी पोलिसासारखी बसली होती. पाणी प्यायला उठले तरी, आई कुठे, आई कुठे."

त्यानं तीन जुलै लिहिलं. आईनं सही केली. तिरकी, बारीक, एका दमात ओढलेली.

सहा वाजता रोझली स्वयंपाकघरात संगणक उघडून बसली. तात्पुरत्या लायसन्सच्या कागदाचा फोटो जोडला. चौकोनात तीन जुलै टाकलं. पुढचा प्रश्न तिनं याआधी वाचलाच नव्हता: पत्ता बदलल्याचं तुम्ही आधीच्या राज्याला तीस दिवसांत कळवलंत का? नसल्यास कारण द्या.

तेवढ्यात व्हर्नाचा फोन. "पाठवलास? त्या तीस दिवसांवर हो म्हण. ते कुणी बघत नाही गं. नाही म्हणालीस तर ओहायो दंड लावेल आणि तो कायम नावावर दिसेल. प्रत्येक कंपनी विचारेल दर वर्षी."

"विचारू देत."

"रोझी, सव्वीस वर्षांत तुझ्या नावावर एक ओरखडा नाहीये."

"माहितीये," रोझली म्हणाली आणि फोन ठेवला.

तिनं 'नाही' निवडलं. कारणाच्या चौकोनात तिनं आधी लिहिलं की आईचा अपघात झाला. ते खरं होतं, पण कारण ते नव्हतं. तिनं ते पुसलं आणि लिहिलं: मी राहायला आले आहे हे मी स्वतः मान्य करत नव्हते. चूक माझी आहे. अर्ज पाठवला तेव्हा सहा वाजून बावन्न मिनिटं झाली होती. नव्वदावा दिवस अजून पाच तास शिल्लक होता.

गुरुवारी काउंटीची बाई आली, कपाटातले रोझलीचे कपडे बघून गेली. उत्तर मात्र येईना. सोमवारी नाही, बुधवारी नाही. ऑर्व्हिलचा दोनदा फोन आला, "माझी यादी तुझ्याकडेच आहे, येऊ ना पंधराला?" आणि ती म्हणायची, ये. दुसरं काय म्हणणार? दुसऱ्या कुणाचं नाव सुचवायला तिची जीभ वळत नव्हती.

चौदा तारखेला दुपारी पत्र आलं. वेस्ट व्हर्जिनियाचा मूळ परवाना मंजूर. त्याच्या जोरावर पेनसिल्व्हेनिया कायम. आणि ओहायो, जिथं तिनं संसार केला, मोडला, पहिली पॉलिसी विकली, तिथला परवाना आता बाहेरचा. त्याच्या खाली वेगळी नोटीस होती: वेळेत न कळवल्याबद्दल दंड, आणि ही नोंद कायम राहील.

तिनं ते दोनदा वाचलं.

"झालं का?" आईनं पलीकडच्या खोलीतून विचारलं.

"झालं. दंड आहे."

"खरं लिहिलंस म्हणून?"

"हो."

मग वॉकरचा आवाज आला, टक, टक, आणि ती दारात येऊन उभी राहिली. "आणि विकता येईल ना? तिकडच्या लोकांना?"

"येईल."

"मग उद्या लवकर ऊठ. पुलावर गर्दी असते," आई म्हणाली. "आणि गॅसचं बिल आलंय. त्या लोकांना फोन कर, अर्धं तुझ्या नावावर लाव."